पाऊलखुणांची गोष्ट

एक साधं चित्र डोळ्यांसमोर आणा. कागदावर पाऊलखुणांच्या दोन रांगा आहेत, एक मोठ्या पावलांची, एक लहान. दोन्ही जवळजवळ येतात, एके ठिकाणी खुणांची नुसती गर्दी होते आणि तिथून पुढे मोठ्या पावलांची एकच रांग निघते. काय दिसतं?

‘मोठ्या पक्ष्यानं लहानाला खाल्लं,’ हे उत्तर चटकन ओठांवर येतं. पण कागदावर पक्षी आहे कुठं? आहेत त्या फक्त खुणा. लहानगा उडून गेला असेल. आईनं पिल्लाला पाठीवर घेतलं असेल. कदाचित दोघांची भेटच झाली नसेल. एक सकाळी येऊन गेला, दुसरा संध्याकाळी!

नॉर्मन लेडरमन आणि फौद अब्द-अल-खालिक या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी हा खेळ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षक घडवणाऱ्या वर्गांमध्ये तो खेळला जातो. विज्ञान म्हणजे कायमची सिद्ध झालेली सत्यं, अशी समजूत घेऊन अनेक भावी शिक्षिका तिथं येतात. पाहिलेलं वेगळं आणि त्यावरून ताडलेलं वेगळं, हे या खेळात त्यांना स्वतःच उमगतं.

खरे शास्त्रज्ञही हाच खेळ खेळतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पलक्सी नदीच्या पात्रात सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरच्या पाऊलखुणा आहेत. १९३८ मध्ये रोलंड बर्ड यांना तिथं एका अजस्र शाकाहारी प्राण्याच्या खुणांसोबत मांसभक्षकाच्याही खुणा दिसल्या. त्यांनी त्यात थरारक पाठलाग वाचला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. दगड तोच, खुणा त्याच. त्यांतून निघणारी गोष्ट मात्र पुन्हा तपासली गेली. कल्पनाशक्तीशिवाय ती गोष्ट सुचली नसती आणि पुराव्याशिवाय तिचा कस लागला नसता. विज्ञानाला दोन्ही लागतात, ही केवढी सुंदर बाब आहे!

आता बालवाडीच्या अंगणात या. सकाळचं डबकं दुपारी नाहीसं झालंय. ‘ताई, पाणी कुठं गेलं?’ विज्ञान म्हणजे तयार उत्तर, असं मानणारी ताई म्हणेल, ‘त्याची वाफ झाली.’ बोलणं तिथंच संपेल. पाऊलखुणांचा खेळ खेळलेली ताई दुसऱ्या दिवशी डबक्याभोवती खडूनं रेघ ओढेल. तासाभरानं दुसरी रेघ, मग तिसरी. शेजारच्या डबक्यावर ताट पालथं घालेल. आधी विचारेल, ‘काय दिसलं?’ आणि नंतर, ‘असं का झालं असेल?’

कुणी म्हणेल, पाणी मातीनं प्यायलं. कुणी म्हणेल, उन्हानं नेलं. ताई दोघांनाही एकच विचारेल, ‘कशावरून?’ आणि चार वर्षांचं पोर ताट उचलून पाहायला धावेल.