शब्दांवाचून हसणे

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम ही जुनी, शांत आणि सुसंस्कृत वस्ती. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या जुन्या शहरातील माणसे मोकळ्या हवेच्या शोधात इकडे आली आणि ही वस्ती वाढली. येथील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानास व्यंकोजीराजे भोसले यांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. मराठी माणसाचा या भूमीशी संबंध, म्हणजे, आजकालचा नव्हे. परंतु अशा ठिकाणी नांदणाऱ्या मराठी घराची एक अडचण असते, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक श्रोत्यांना ती परिचयाची वाटेल. आजीला कन्नड बेताचेच येते. नातवाला मराठी समजते, पण मराठी विनोदातील खोच समजत नाही. सारे घर एकत्र बसून बोलपट पाहू लागले, तरी प्रत्येक जण निरनिराळ्या वेळी हसतो, आणि विनोद कोणाला तरी उलगडून सांगावा लागतो. उलगडून सांगितलेल्या विनोदाला चव कसली राहणार?

याच घरात चार्ली चॅप्लिनचा १९२५ सालचा 'द गोल्ड रश' लावून पाहावा. बर्फात अडकलेला, भुकेने व्याकूळ झालेला चार्ली आपला बूट शिजवतो, त्याच्या नाड्या शेवयांसारख्या काट्याभोवती गुंडाळतो आणि खिळे हाडकांप्रमाणे चोखतो. तो बूट ज्येष्ठमधापासून केलेला होता, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. येथे आजी आणि नातू एकाच क्षणी हसतात. मग साहजिकच प्रश्न निघतो की, आता पुढे काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण कशाला हसलो, हे पाहिले पाहिजे. आपण हसलो ते भुकेला. भूक हसण्याजोगी असते म्हणून नव्हे, तर उपाशी माणूस बूट खातानाही जेवणाची रीत सोडीत नाही म्हणून. उत्तम मूक विनोदाच्या पोटात अशी एखादी खरी निकड दडलेली असते. पुढचा चित्रपट निवडताना नटाच्या नावापेक्षा या निकडीचा माग काढावा, हे अधिक बरे.

तसा माग काढीत गेल्यास प्रथम चॅप्लिनचाच १९३६ सालचा 'मॉडर्न टाइम्स' लागतो. जेवणाच्या सुट्टीतील वेळ वाचावा म्हणून कामगाराला यंत्राने भरविण्याचा प्रयोग त्यात आहे. 'गोल्ड रश'मध्ये अन्न नव्हते. येथे अन्न आहे, पण ते खाण्याचे स्वातंत्र्य नाही. त्यानंतर हॅरल्ड लॉइडचा १९२३ सालचा 'सेफ्टी लास्ट' पाहावा. दुकानातील तुटपुंज्या पगाराचा हा नोकर बक्षिसाच्या आशेने उंच इमारत चढू लागतो आणि अखेर घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. १९१९ मधील एका अपघातात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, हे ठाऊक झाले की त्या लोंबकळण्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. बस्टर कीटनची तऱ्हा वेगळी. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीत तो नेमका उभा असल्यामुळे वाचतो. चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. संकटात न डगमगणे हाच त्याचा विनोद.

आता सातासमुद्रापलीकडून पुन्हा मल्लेश्वरमकडे येऊ. या वस्तीपासून फार दूर नसलेल्या विंडसर मॅनर हॉटेलात सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या 'पुष्पक विमान' या १९८७ सालच्या चित्रपटाचा मोठा भाग घडतो. बोलपट सुरू होऊन अर्धशतक उलटल्यानंतर काढलेल्या या चित्रपटात आवाज सगळे आहेत, पण संवाद एकही नाही. कमल हासन यांनी रंगविलेला बेकार तरुण एका मद्यधुंद श्रीमंताला आपल्या खोलीत कोंडतो आणि त्याच्या नावावर हॉटेलात राहू लागतो. पण मऊ गादीवर त्याला झोप येत नाही. त्याच्या जुन्या खोलीशेजारी चित्रपटगृह होते. तेथील हाणामारीच्या आवाजाची फीत लावली, तेव्हा कोठे त्याचा डोळा लागतो! गरिबी माणसाच्या कानातसुद्धा कशी घर करते, हे दहा वाक्यांच्या संवादानेही इतके उमगले नसते. शेवटी हा तरुण पुन्हा नोकरीसाठी लागलेल्या लांबलचक रांगेत उभा राहतो. बूट शिजविणारा चार्ली आणि रांगेतील हा तरुण यांचे नाते येथे पटते.

मराठीतही या वाटेवरचे मुक्काम आहेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'चा काही भाग उपलब्ध आहे. त्यात त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कृष्ण झाली असून, तिच्या मुद्रेवरील खोडकर भाव पाहण्यासारखे आहेत. पु. ल. देशपांडे यांचा १९५३ चा 'गुळाचा गणपती' हा बोलपट खरा. पण त्यातील भोळा नाऱ्या चार्लीच्या गोतातला वाटतो. आणि परेश मोकाशी यांचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तर फाळक्यांची विवंचना आणि धडपड हसत हसत सांगतो.

हे चित्रपट पाहावयाचे कसे, हेही थोडे सांगितले पाहिजे. 'गोल्ड रश'ला चॅप्लिनने १९४२ मध्ये स्वतःच्या आवाजातील निवेदन जोडले. आपल्या या घराने मात्र १९२५ ची मूळ मूक प्रत निवडावी. जुने मूकपट हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेले असत. ते आजच्या सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने धावले की माणसे उगाच तुरुतुरु पळताना दिसतात. म्हणून वेग नीट सांभाळलेली प्रत मिळवावी. मधूनमधून येणाऱ्या पाट्या नातवाने आजीला मराठीत सांगाव्यात. मूकपटांच्या काळी थिएटरात अशा पाट्या मोठ्याने वाचून दाखविणारी माणसे असत. ते काम आता घरातल्या मुलाकडे यावे. विनोद समजावून देण्याची गरज उरत नाही, आणि मुलाच्या जिभेवर चार मराठी वाक्ये मात्र सहज येतात.

परमुलुखात भाषा जपण्यासाठी आपण पुष्कळ खटपट करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण भाषा बोलण्यासाठी आधी माणसांना एकत्र बसावेसे वाटले पाहिजे. एकत्र हसलेली माणसे मग एकमेकांशी बोलू लागतात. कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे ती आपापसांत ठरवितात.