वही हजार घरी, वाट मात्र एकच

‘ब्लॉकचेन’ हा शब्द हल्ली आपल्या मुलांच्या तोंडी सहज येतो. ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची एकच वही हजारो संगणकांवर ठेवणे. एका ठिकाणी कोणी खाडाखोड केली तरी बाकीच्या वह्या साक्षीला असतात. इथेरियम ही अशी वही ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली.

पण ती वाचायची कशी? आपण पडद्यावर पाहतो तो कार्यक्रम बहुधा जाव्हास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला असतो. एवढी मोठी वही त्याच्याजवळ नसते. म्हणून तो ‘ईथर्स’सारख्या साधनाच्या मदतीने वही बाळगणाऱ्या संगणकाला, म्हणजे नोडला, विचारतो : या खात्यात शिल्लक किती? पैसे पाठवताना मेटामास्कसारखे पाकीट मालकाच्या गुप्त किल्लीने सही करते आणि नोड तो व्यवहार सर्वांना कळवतो. स्वतःचा नोड चालवणे खर्चाचे व कटकटीचे, म्हणून पुष्कळ जण इन्फुरासारख्या कंपनीच्या नोडवर विसंबतात.

इथेच मेख आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅशबर्न नावाचे गाव आहे. त्या गावात व आसपास संगणकांची प्रचंड कोठारे आहेत. तेथील ॲमेझॉनच्या यंत्रणेत २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, बिघाड झाला. इन्फुराची सेवा अडली आणि मेटामास्कमध्ये अनेकांना शिल्लक शून्य दिसू लागली. पैसे कुठेही गेले नव्हते. वही शाबूत होती, ती पाहण्याची खिडकी तेवढी बंद झाली होती.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याची योजना २०२२ साली जाहीर झाली. शाळाप्रवेशाच्या दिवशी दाखला पडताळता आला नाही, तर गरिबाच्या मुलाने काय करावे? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांचे कागद शोधणाऱ्यांना नोंदीचे मोल सांगायला नको. नोंद असणे आणि ती वेळेवर हाती लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय अवघड नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन-तीन नोडचे पत्ते द्यावेत, म्हणजे एक गप्प बसला तर दुसरा उत्तर देईल. महत्त्वाच्या बाबतीत दोघांची उत्तरे ताडून पाहावीत. आणि शिल्लक शून्य दिसली, तर घाबरून कोणालाही गुप्त किल्ली सांगू नये. लबाड माणसे अशाच वेळेची वाट पाहत असतात.