गोधडीची रचना व तिचा प्राथमिक पाठ : डिंगोरे परिसराच्या निमित्ताने

लोककलांच्या अभ्यासात वस्त्रांना मानाचे स्थान आहे. परंतु पैठणी, हिमरू, घोंगडी यांसारख्या मागावर विणल्या जाणाऱ्या वस्त्रांविषयी जेवढे लिहिले गेले त्या मानाने गोधडीकडे अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले. ही उपेक्षा केवळ अनास्थेमुळे झालेली नाही. गोधडी वापरून संपते, हे तिचे खरे कारण आहे. फाटली की तिला ठिगळ लागते. ठिगळांनीही भागेनासे झाले की ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. आणि अखेरीस तिचे पोतेरे होते. शंभर वर्षांपूर्वीची पैठणी पेटीत सापडू शकेल, परंतु शंभर वर्षांपूर्वीची, अंगावर घेतलेली गोधडी सापडणे दुर्मिळ. म्हणजे या कलेचा पुरावा वस्तूंत फारसा उरत नाही. तो शिवणारीच्या हातात, तिने पाळलेल्या कामाच्या क्रमात उरतो. यास्तव गोधडीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम एक लहानशी गोधडी स्वतः शिवून पाहावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी आवश्यक तेवढी रचनेची माहिती आणि नवशिक्याला साधतील असे तीन नमुने येथे दिले आहेत.

१. प्रदेश आणि हंगाम

डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातील गाव. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरकडे जाणाऱ्या मार्गावर, ओतूरच्या पश्चिमेस ते वसले आहे. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात पावसाळा दमट आणि हिवाळा बोचरा असतो. अशा हवेत पांघरूण ही घरोघरची गरज होय. पश्चिम महाराष्ट्रातील इतर खेड्यांप्रमाणे येथेही गोधडीचे वर्ष शेतीच्या वर्षाशी बांधलेले समजावे. सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या मोकळ्या दुपारी गोधड्या शिवावयाच्या आणि भाद्रपदाच्या अखेरीस, घट बसण्यापूर्वी, घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुवावयाची, असा तो परिपाठ आहे.

हा परिपाठ दोन गोष्टींवर अवलंबून होता : सुती लुगड्यांचा साठा आणि उन्हाळ्यातील रिकामा वेळ. दोन्ही आता आटल्या आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे या भागात बागायत वाढली, आणि बागायतीत उन्हाळा रिकामा राहत नाही. दुसरीकडे नऊवारी सुती लुगडे नित्याच्या वापरातून जवळजवळ गेले. उरलेसुरले जुने कपडेही बोहारणीच्या टोपलीत जातात व त्यांच्या बदल्यात भांडे मिळते. ज्या पिढीने आईच्या हाताखाली बसून हे काम शिकले ती पिढी आज वृद्ध आहे. ही नोंद करण्यास फार अवधी उरलेला नाही, ही गोष्ट येथेच सांगून ठेवणे योग्य होईल.

२. संज्ञांविषयी थोडेसे

गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द महाराष्ट्रात प्रचलित आहेत. कोठे एक अधिक ऐकू येतो, कोठे दुसरा. हिंदीतील गुदडी हा गोधडीचा सरळ आप्त दिसतो. कर्नाटकाच्या सीमेवर याच वस्तूस कौदी म्हणतात. घोंगडी ही लोकरीची व विणलेली. दुलई आणि रजई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो, म्हणून त्यांना पिंजाऱ्याची गरज लागते. गोधडीत भरण म्हणून कापूस नसतो. कापडावर कापड ठेवून ते थर धावदोऱ्याने एकत्र बांधलेले असतात. ‘जुने कापड, अनेक थर आणि सलग धावदोरा’ ही गोधडीची तीन लक्षणे मानल्यास व्याख्येचा घोटाळा टळतो. वरच्या अंगास दिसणारे रंगीत तुकडे हे तिचे आवश्यक लक्षण नव्हे. एकाच लुगड्याची, एकही ठिगळ नसलेली गोधडीही गोधडीच असते.

चौघडी हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. नऊ वारी लुगड्याची लांबी सत्तावीस फूट. सहा फूट लांबीच्या पांघरुणासाठी त्याच्या घड्या घातल्या तर बरोबर चार थर होतात व तीन फूट कापड उरते. लुगड्याचा पन्हा साधारण चार फूट धरला तर एका माणसास पुरेल असे सहा फूट बाय चार फूट पांघरूण एका लुगड्यात निघते आणि उरलेल्या तुकड्यातून तान्ह्या मुलाचे दुपटे होते. शब्दाची व्युत्पत्ती या हिशेबातूनच आली असा दावा करावयाचा नाही. परंतु वस्त्राचे माप आणि पांघरुणाचे माप यांचा असा मेळ बसत होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. लुगडे गेल्यावर हा मेळही मोडला.

३. रचनेची तत्त्वे

गोधडीची ऊब कापडात नसून कापडांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. टाके फार दाट घातले तर थर दाबले जाऊन ती हवा निघून जाते. फार विरळ घातले तर धुताना आतील जीर्ण कापड गोळा होते. या दोहोंतील मध्य साधणे, हेच टाक्यांच्या अंतरामागील शास्त्र होय. साधारणपणे दोन ओळींत एक इंच अंतर सोयीचे पडते. सहा फूट बाय चार फूट गोधडीत याप्रमाणे ओळी घातल्या तर शिवणीची एकूण लांबी सुमारे २८८ फूट भरते. एका इंचात दोन टाके धरले तर सुमारे सात हजार टाके होतात आणि शंभर वारांहून अधिक दोरा लागतो. गोधडीच्या श्रमाचे मोजमाप करू इच्छिणाऱ्यास हा हिशेब उपयोगी पडावा.

दुसरे तत्त्व कापडाच्या जागेविषयीचे. मजबूत कापड बाहेर, जीर्ण कापड आत. खालच्या अंगास एकसंध कापड घ्यावे, कारण त्यावरच सर्व थरांचा भार येतो. तिसरे तत्त्व कापडाच्या जातीविषयीचे. प्रमाण हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. सुती गोधडी अंगाला चिकटत नाही आणि पॉलिएस्टर साड्यांची गोधडी घामट वाटते, याचे कारण हेच. याखेरीज गुळगुळीत कृत्रिम कापडाचे थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. नवे सुती कापड वापरावयाचे असल्यास ते आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते व शेजारच्या जुन्या कापडास ओढते.

४. नवशिक्यासाठी तीन नमुने

पहिल्या पाठासाठी पूर्ण गोधडी घेऊ नये. अठरा इंचांचे चौरस बसकर किंवा तीन फुटांचे दुपटे पुरेसे आहे.

(अ) पट्ट्यांचा नमुना. लुगड्याचे काठ व पदर उसवून त्यांच्या लांब पट्ट्या कराव्यात आणि एकीस एक जोडाव्यात. येथे सर्व शिवणी सरळ व समांतर असतात; कोपरे जुळविण्याचा प्रश्नच येत नाही. शिवण सरळ ठेवणे आणि दोन्ही बाजूंस अर्धा इंच कापड सोडणे, एवढेच या पाठात शिकावयाचे.

(आ) नऊ चौकोनांचा नमुना. गडद रंगाचे पाच व फिकट रंगाचे चार असे सात इंची चौकोन कापावेत. प्रत्येक बाजूस अर्धा इंच शिवणीत गेल्यावर सहा इंच उरतात आणि तीन ओळींचे अठरा इंची बसकर तयार होते. कडेचा अर्धा इंच गोट लावताना आत जातो. आधी तीन-तीन चौकोनांच्या तीन ओळी कराव्यात, मग ओळी एकमेकींस जोडाव्यात. एका ओळीच्या शिवणी डावीकडे व तिच्या खालच्या ओळीच्या उजवीकडे मोडल्या तर सांध्यावर जाडी साचत नाही आणि चौकोनांचे कोपरे नेमके मिळतात. असे छत्तीस चौकोन सहा ओळींत जोडले की दुपट्याचा वरचा थर होतो.

(इ) त्रिकोणांचा नमुना. हा दिसावयास सोपा परंतु फसवा आहे. चौकोन तिरका कापला की त्याची तिरपी कड उरेब होते. ती उभ्या किंवा आडव्या धाग्यावर नसल्याने शिवताना ताणली जाते व नमुना वाकडा होतो. यावर उपाय असा : गडद व फिकट असे पावणेआठ इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर आणून ठेवावेत. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ आखावी. रेघेच्या दोन्ही अंगांस अर्ध्या इंचावर टीप मारावी आणि नंतरच रेघेवर कापावे. उलगडल्यावर दोन त्रिकोणांचे बनलेले सात इंची दोन चौकोन हाती येतात. उरेब कड कापण्यापूर्वीच शिवणीत बांधली गेल्याने ती ताणली जात नाही. हे चौकोन दुसऱ्या नमुन्यात कोठेही बसतात.

वरचा थर झाला की खालचे कापड उलट बाजू वर करून जमिनीवर पसरावे, कोपऱ्यांवर वजन ठेवावे, त्यावर आतील थर व सर्वांत वर जोडलेले तुकडे ठेवावेत. मग दोन्ही कर्णांवरून व मध्यावरून लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घालावा. ही पायरी गाळली तर मध्यभागी झोळ पडतो आणि तो नंतर काढता येत नाही. त्यानंतर पक्का धावदोरा. सुती कापडास सुती दोराच वापरावा. शेवटी कडेस गोट लावावा आणि कच्चा दोरा उसवून काढावा.

५. दुसरी पद्धती आणि तिचे महत्त्व

वर वर्णिलेल्या पद्धतीत तुकडे आधी जोडले जातात व धावदोरा नंतर येतो. परंतु परंपरेने शिवणाऱ्या अनेक स्त्रिया वेगळा क्रम पाळतात. त्या कडेपासून आरंभ करतात. तुकड्याची कड आत मोडून तो सरळ थरांवरच धावदोऱ्याने बसवितात. आणि फेऱ्यामागून फेरे घेत मध्याकडे सरकतात. येथे तुकडे जोडणारा दोरा आणि थर बांधणारा दोरा एकच असतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत हा क्रम अत्यंत स्पष्ट दिसतो. तिच्या चारी कोपऱ्यांस ‘फूल’ नावाची घडी केलेल्या कापडाची टोके लावलेली असतात. तयार वस्तूचे छायाचित्र पाहून या दोन पद्धतींतील भेद सहज कळत नाही. ज्याने स्वतः एक बसकर शिवले आहे त्यास मात्र कडेचा तुकडा कोणत्या तुकड्याखाली गेला आहे हे पाहताच क्रम ओळखता येतो.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची कल्पना या परिसरास प्राचीन काळीही परिचित होती. जुन्नरभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी येथे दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंचे चीवर तुकड्यांचे असे. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून तथागतांनी आनंदास तशा आखणीचे चीवर करविण्यास सांगितले, अशी कथा विनयपिटकाच्या महावग्गात आली आहे. कापलेल्या वस्त्राचे मोल घटते व त्याचा मोह राहत नाही, हा त्यामागील हेतू. चीवर आणि गोधडी यांत परंपरेचे सातत्य आहे असे म्हणण्यास आधार नाही. हेतूही भिन्न आहेत. एकीकडे मोल घटविण्यासाठी कापणे, दुसरीकडे घटलेले मोल वाढविण्यासाठी जोडणे. तथापि शेताच्या बांधांसारखी आखणी दोन्हीकडे सोयीची ठरली, कारण सरळ शिवण हीच हाताला सर्वांत सुलभ.

६. नोंदीची पद्धती

बंगालच्या कंथेवर स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. कंथेच्या काही जाती भेटीदाखल व शोभेसाठी केल्या जात, म्हणून त्या जपल्या गेल्या आणि संग्रहालयांत पोहोचल्या. गोधडीस ते भाग्य लाभले नाही. मात्र तिच्यात एक गुण असा आहे की जो कंथेच्या भरतकामात सहसा मिळत नाही. जुन्या गोधडीवर नवी खोळ चढवून ती पुन्हा शिवली जाते, त्यामुळे तिच्या पोटात कापडांचे थर कालक्रमाने साचतात. उत्खननातील थरांप्रमाणे तेही वाचता येतात. सावधगिरी एवढीच की, एकाच वेळच्या शिवणीतही जीर्ण कापड आत घातले जाते. म्हणून आतील थर जुना ठरविण्यापूर्वी त्यावर आधीच्या टाक्यांची छिद्रे आहेत की नाहीत हे पाहिले पाहिजे.

डिंगोरे व आसपासच्या गावांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक गोधडीविषयी पुढील गोष्टी टिपाव्यात : लांबी-रुंदी; फाटक्या कडेवरून मोजलेले थर; एका इंचातील टाके; ओळींतील अंतर; आरंभ कोठे झाला व दोरा कोणत्या दिशेने फिरला; कापड सुती की कृत्रिम; कोणते तुकडे मागाहून लावलेले आहेत; आणि प्रत्येक ओळखता येणारा तुकडा कोणाच्या वस्त्राचा, याविषयी घरातील स्त्रियांचे सांगणे. रंगांची व नक्षीची नोंद शेवटी यावी, आरंभी नव्हे.

आणि ही प्रश्नावली घेऊन गावात जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने शिवलेले एक बसकर बरोबर न्यावे. ते पाहून शिवणारी स्त्री त्यातील चुका दाखवील. प्रश्न विचारून न मिळणारी बरीचशी माहिती अभ्यासकाला त्या दुरुस्त्यांमधून मिळेल.