पेवांचा हरवलेला हिशेब

युरोपातील द्राक्षमद्याचे शौकीन आपल्या तळघरातील बाटल्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवतात, आणि तरीही एखादी बाटली कोठल्या कोनाड्यात पडून राहिली व तिची योग्य वेळ केव्हा टळून गेली, याचा त्यांना पत्ता लागत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरील घाटनांदुरात मद्याचे तळघर कोणी बांधल्याचे ऐकिवात नाही. परंतु जमिनीच्या पोटात ठेवा ठेवून त्याचा ठावठिकाणा गमावण्याचा प्रकार या मुलखाला मुळीच अपरिचित नव्हता, कारण इथले तळघर म्हणजे ज्वारीचे पेव.

काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव खणायचे ते गावठाणाच्या उंच, कोरड्या पांढरीत अथवा घट्ट मुरुमात. तोंड माणूस उतरण्यापुरते अरुंद, पोट मात्र विस्तीर्ण. तळाला व कडेला कडब्या-भुसाचे जाड अस्तर देऊन, रब्बीची खडखडीत वाळलेली ज्वारी आत ओतून, तोंडावरची फरशी चिखलाने लिंपून टाकली, म्हणजे दाण्यांच्या आणि किड्यांच्या श्वसनानेच आतला प्राणवायू सरत जाई, कीड गुदमरून मरे आणि धान्य कित्येक वर्षे टिके. मद्याप्रमाणे ज्वारी मुरून श्रेष्ठ होते असे मात्र नव्हे. कडेचे दाणे काळवंडत, भाकरीला आंबूस दर्प येई. पण ज्या साली पेव उघडण्याची पाळी येई, त्या साली दर्पाची तक्रार करण्याच्या मनःस्थितीत सहसा कोणी नसे.

ज्या घरांत व्याजाची पै न पै खतावणीत चढे, त्याच घरांत पेवांचा तपशील कागदावर ठेवण्याचे टाळले जाई. याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घाटनांदुराच्या तालुक्याचे गाव, आजचे अंबाजोगाई, तेव्हा मोमिनाबाद होते, अंमल निजामाचा होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाल्यावर पटवाऱ्याच्या दप्तरातील क्षेत्रावरून घरातल्या पोत्यांचा अदमास बांधला जाऊ लागला. अशा वेळी जे वहीत चढले ते झडतीत सापडणार, हे उघड होते. दरोडेखोरांचे भय तर त्याहून जुने. तेव्हा कोणते पेव कोणत्या सालचे, हे घरच्या कर्त्या पुरुषाने ध्यानात ठेवायचे आणि योग्य वेळी थोरल्या मुलाला सांगायचे, अशी वहिवाट पडली. आणि ती योग्य वेळ पुष्कळदा येण्याआधीच माणूस जाई. 1947-48 च्या रझाकारी धामधुमीत मराठवाड्यातील अनेक कुटुंबे घरदार सोडून निजामाच्या सरहद्दीपलीकडे गेली. परतल्यावर पडझडीच्या ढिगाऱ्यात जुन्या खुणा शोधणे हा एक स्वतंत्र खटाटोप झाला असल्यास नवल नाही.

1948 च्या पोलीस कारवाईने निजामाचा अंमल संपला, पुढे झडतीची ती धास्ती ओसरली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. आता उघडपणे नोंद ठेवण्यास हरकत नव्हती, पण नोंदण्याजोगा साठाच आटत चालला होता. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी मिलो ज्वारी आली, तेव्हा वाड्यावाड्यांतून पहारीने जमीन ठोकून पोकळ आवाज कोठे येतो, याचा शोध झाला असेल तर तो स्वाभाविकच म्हटला पाहिजे. सापडलेल्या पेवातही लगेच उतरता येत नसे. आत साचलेल्या विषारी हवेने माणूस दगावतो, हे ठाऊक असल्यामुळे तोंड बराच वेळ उघडे ठेवून आधी जळता कंदील सोडीत, आणि तो विझला तर थांबत.

पुढे पत्र्याच्या कोठ्या आल्या, संकरित ज्वारी आली, आणि शेवटी सोयाबीन आले, जे घरात ठेवण्यासाठी नव्हे तर आडतीवर घालण्यासाठीच पेरले जाते. आता एखाद्याच्या नव्या घराचा पाया खणताना जेसीबीचे दात अकस्मात पोकळीत जातात. कोणाच्या आजोबांचे पेव, यावर थोडा वेळ वाद होतो, मग ठेकेदार मुरूम टाकून खड्डा बुजवितो आणि त्या खेपांची नोंद बिलात बिनचूक करतो.