मनाच्या दुखण्यावर सुईचा उतारा?

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला आता राजीव गांधी सालै म्हणतात. याच रस्त्यावर पेरुंगुडी आहे. २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत सामील झालेल्या या गावाच्या एका अंगाला पल्लीकरणैची पाणथळ भूमी पसरली आहे, तर दुसऱ्या अंगाला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त आलेले अभियंते आणि बदलीच्या आदेशावर कुटुंब मागे ठेवून आलेले बँक अधिकारी अशा मराठी माणसांचा या भागात राबता असतो. वातानुकूलित कार्यालय, भाड्याची खोली आणि रविवारी घरी होणारा दूरध्वनी एवढ्यावर ज्यांचे जग येऊन ठेपते, त्यांच्यापैकी काहींना हळूहळू झोप लागेनाशी होते, अन्नावरची वासना उडते, आवडीचे गाणेही नकोसे वाटू लागते. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर तिला नुसता कंटाळा म्हणता येत नाही. वैद्यकशास्त्र तिला नैराश्य म्हणते.

नैराश्याची पहिली अडचण ते बोलून दाखवण्याची असते. ‘जीव रमत नाही’ हे मराठीत सहज सांगता येते. तेच परक्या शहरात इंग्रजीतून सांगताना त्याची लक्षणांची कोरडी यादी होते, आणि तमिळमधून सांगण्याइतकी भाषा अवगत नसते. त्यातच मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखालून आत जाताना कोणी पाहिले तर, ही धास्ती असते. ॲक्युपंक्चरकडे अनेकांची पावले वळतात, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे. तेथे फार बोलावे लागत नाही. पाठदुखीसाठी जातो असे सांगता येते, आणि अर्धा तास स्वस्थ पडून राहता येते.

ही उपचारपद्धती चीनची असली, तरी तिच्या भारतातील आगमनाची कथा मराठी मनाला परकी नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक युद्धग्रस्त चीनला गेले. डॉ. मदनमोहनलाल अटल यांच्या नेतृत्वाखालील या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, तसेच डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू हे दोन बंगाली डॉक्टर होते. कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. लुधियानाच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयालाही त्यांचे नाव आहे, त्यामुळे ही विद्या त्यांनीच भारतात आणली असा समज आढळतो. वास्तविक कोटणीस यांची कीर्ती शल्यचिकित्सक म्हणून आहे. ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले डॉ. बसू यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले आणि १९५९ मध्ये परतल्यावर त्यांनी कोलकात्यात या उपचारास आरंभ केला.

केसासारख्या बारीक, निर्जंतुक पोलादी सुया शरीरावरील ठरावीक बिंदूंवर टोचून वीस ते तीस मिनिटे ठेवतात. नैराश्यासाठी डोक्याच्या माथ्यावरील आणि दोन भुवयांमधील बिंदू विशेष वापरात आहेत. चिनी परंपरेनुसार शरीरात वाहणाऱ्या ‘ची’ या प्राणशक्तीचा अडलेला प्रवाह त्यामुळे मोकळा होतो. आधुनिक संशोधकांना अशा प्रवाहाचा माग लागलेला नाही. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीरातील वेदनाशामक रसायने स्रवतात, एवढे मात्र त्यांना मान्य आहे.

मग नैराश्य त्याने बरे होते काय? इंग्लंडमध्ये ७५५ रुग्णांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. सर्वांचे नेहमीचे उपचार चालू ठेवून काहींना त्याखेरीज ॲक्युपंक्चर देण्यात आले, तर काहींना समुपदेशन. तीन महिन्यांनंतर हे दोन्ही गट केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले. नैराश्य मोजण्याच्या सत्तावीस गुणांच्या पट्टीवर ॲक्युपंक्चरमुळे पडलेला जादा फरक सरासरी सुमारे अडीच गुणांचा होता. फरक लहान आहे, पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते त्याच्या लेखी अडीच गुणही थोडे नव्हेत. तथापि हा गुण सुईचा, की आठवड्यातून एकदा कोणीतरी आस्थेने विचारपूस केल्याचा, हे त्या अभ्यासातून उलगडत नाही.

ते उलगडण्यासाठी संशोधक लटकी सुई वापरतात. ती टोचल्यासारखी भासते, पण आत शिरत नाही, किंवा भलत्याच जागी टोचली जाते. ६४ अभ्यास आणि ७,१०४ रुग्ण यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली घेतला. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत ॲक्युपंक्चरने मध्यम लाभ होत असावा. लटक्या सुईशी तुलना करता तो लाभ लहानच उरतो. आणि बहुतेक पुराव्याचा दर्जा कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालाने नैराश्याला थेट ‘गुण सिद्ध झालेल्या’ विकारांच्या यादीत बसवले होते. अनेक दवाखान्यांच्या पत्रकांत तोच अहवाल पुढे केला जातो. त्यावर पुढे बरीच टीका झाली, हे पत्रके सांगत नाहीत.

खरा धोका सुईत नाही. प्रशिक्षित हाताने, एकदाच वापरायच्या सुया घेऊन केलेले ॲक्युपंक्चर बहुतांशी सुरक्षित असते. धोका आहे तो गोळ्या बंद करण्यात. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्यांचे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. नेमक्या याच काळात ‘रसायने सोडा, सुईने मुळापासून बरे व्हाल’ असे कोणी सांगितले, तर रुग्णाला ते पटते. गोळ्या एकाएकी थांबवल्याने चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता उद्भवते आणि आजार दुप्पट जोराने उलटू शकतो. मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, औषधांच्या जोडीला ॲक्युपंक्चर घेण्यास हरकत नसावी. औषधांच्या जागी मात्र नव्हे. जो उपचारक आधीची औषधे कोणती हे विचारतच नाही, त्याच्याकडे पुन्हा न गेलेले बरे.

उपचारकाची पात्रता पाहणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला स्वतंत्र उपचार म्हणून मान्यता दिली. तमिळनाडूत निसर्गोपचाराच्या साडेपाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात ॲक्युपंक्चर शिकवले जाते. चेन्नईतच अरुंबाक्कम येथे योग व निसर्गोपचाराचे शासकीय महाविद्यालय आहे.

पैशांची बाजू ग्राहकांनी आधीच तपासलेली बरी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, हे अनेक विमाधारकांना ठाऊक नसते. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरत्या असतात. ‘आयुष’ या संज्ञेत ॲक्युपंक्चर येत नाही, त्यामुळे सुईच्या बैठकांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. दहा-बारा बैठकांचे पैसे एकदम भरण्याऐवजी चार-सहा बैठकांनंतर झोप, भूक आणि कामातील लक्ष यांत काही फरक पडला का, हे वहीत टिपून मग पुढचे ठरवावे.

आणि जीव नकोसा वाटू लागला असेल, तर सुई किंवा गोळी यांचा विचार नंतर. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. योगायोगाने डॉ. कोटणीस यांची जन्मतारीखही १० ऑक्टोबरच. तिचा क्रमांक १४४१६. सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते, आणि पेरुंगुडीच्या खोलीतूनही तेथे मराठीत बोलता येते.