टक् आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं नाही

स्टार्टर फिरतोय, पण इंजिन सुरू होत नाही? लगेच फ्युएल पंप बदलायला काढू नका, आधी त्याचा रिले बघा. पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी ऑन करताच पंप दोन-तीन सेकंद चालतो. तेव्हा रिलेवर बोट ठेवलं तर बारीक ठोका जाणवतो. तो ठोका फक्त कॉइल जिवंत असल्याचं सांगतो. आतले पॉइंट जळून काळे पडले असतील, तर रिले टक् करतो आणि पंपाला करंट मात्र पुरत नाही.

चावी बंद करून रिले उपटा. नेहमीच्या चार-पाच पिनांच्या रिलेवर नंबर छापलेले असतात: ८५-८६ कॉइलचे, ३०-८७ पॉइंटचे. कॉइलवर साधारण ५० ते १२० ओहम दिसायला हवेत. काहीच रीडिंग नसेल तर कॉइल तुटली. मग ८६ ला बॅटरीचा प्लस आणि ८५ ला मायनस द्या. हे उलटं करू नका, काही रिलेंत डायोड असतो.

आता ३०-८७ मध्ये मीटर शून्य ओहम दाखवेल, पण मला तेवढं पुरत नाही. मीटरचा करंट नगण्य असतो. बॅटरी प्लसवरून ३०-८७ मार्गे ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब पेटवा आणि त्याच दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत असेल तर रिले ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर रिले बदला.