मानवी वर्तनाच्या उपपत्ती : सेवाग्राममधील एका प्रसंगाच्या आधारे

मानवी वर्तनाचा उलगडा करणाऱ्या मानसशास्त्रीय संप्रदायांपैकी कोणता खरा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. वस्तुतः प्रत्येक संप्रदाय निराळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधीत असतो. हे आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणाने पाहू.

१९३९ साली कुष्ठरोगाने पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेगावच्या, म्हणजे पुढील सेवाग्रामच्या, आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांच्या अंगाची मालीश केली. समाज ज्याला दूर लोटतो, त्याला एक मनुष्य जवळ करतो. या दोन्ही वर्तनांची उपपत्ती कशी लावावी?

जैविक दृष्टीस रोग्याविषयीच्या किळसेत संसर्ग टाळण्याची उपजत प्रेरणा दिसते. मनोविश्लेषण भीतीचे मूळ अबोध मनातील संघर्षात शोधते. रोगी हे तिचे केवळ निमित्त. वर्तनवादानुसार भीती अभिसंधानाने जडते. अर्थात ती मोडताही येते : सशाला भिणाऱ्या एका बालकाची भीती मेरी कव्हर जोन्स यांनी ससा क्रमाक्रमाने जवळ आणून घालविली, हा प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध झाला. मॅस्लो, रॉजर्स यांचा मानवतावाद दूर लोटणाऱ्यापेक्षा जवळ करणाऱ्याकडे, त्याच्या मूल्यांकडे व निवडीकडे, लक्ष वेधतो.

बोधात्मक संप्रदाय वर्तनामागील समजुतीचा विचार करतो. येथे भाषेच्या अभ्यासकास थोडे बोलण्याचा अधिकार आहे. मराठीत या रोगास 'महारोग' म्हणत आले. हान्सेन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधयोजनेची शिफारस केली, आणि आज हा रोग पूर्ण बरा होतो. तरीही बरा झालेल्या मनुष्यास 'महारोगी' हे नाव चिकटून राहते. जंतू नष्ट होतो, संज्ञा उरते. आणि संज्ञेबरोबर जुनी समजूतही.

म्हणून उपपत्तीची निवड ही निव्वळ पांडित्याची बाब नव्हे. भीती केवळ उपजत मानली, तर रोग्यास वेगळे ठेवणे स्वाभाविक ठरते. ती शिकलेली मानली, तर ती विसरविण्याची जबाबदारी आपल्यावर येते. संप्रदाय परस्परपूरक आहेत हे खरे. परंतु त्यांपैकी कोणाच्या आधारे आपण रोग्याशी वागणार, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.